कुलूपवाली दाराबाहेर

आमच्या दुकानाच्या पाटीवर आजोबांच्या काळापासून एकच ओळ आहे: ‘उघडत नाही असं कुलूप नाही.’ रंग उडाला की मी तो पुन्हा भरते, अक्षर बदलत नाही. लोक मला किल्लीबाई म्हणतात. ज्यांची किल्ली हरवलेली असते, ते जरा जास्तच गोड आवाजात म्हणतात.

पाटीवर न लिहिलेली एक गोष्टही आमच्याकडे आजोबांपासून चालत आली आहे. नवं कुलूप बसवलं की सगळ्या किल्ल्या मालकाच्या तळहातावर ठेवायच्या आणि स्वतः दाराबाहेर जाऊन उभं राहायचं. मालकाने आतून कुलूप लावायचं. आपण दार वाजवायचं. तो विचारणार, ‘कोण आहे?’ आपण म्हणायचं, ‘कुलूपवाली.’ मग त्याने आपल्या हाताने दार उघडलं, की काम संपलं. त्याच्या आधी नाही. आजोबा म्हणायचे, ज्याने कुलूप बसवलं तोच बाहेर राहिला, तर ते कुलूप त्या घराचं झालं.

एका गृहस्थांनी मला असं बाहेर उभं केलं आणि आत जाऊन चक्क झोपले. माझी हत्यारांची पिशवी आत, मी जिन्यात. खिशात कुलूप उघडायचा आकडा होता, मनात आणलं असतं तर चुटकीसरशी उघडलं असतं. पण आपण बसवलेल्या कुलपाला आपणच आकडा लावायचा नसतो. मी पायरीवर बसून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि ते उठेपर्यंत वाट पाहिली.

दुकान माझं आणि दादाचं, दोघांचं. डावीकडे माझी कुलपं, उजवीकडे त्याची घड्याळं. दादाचे हात थरथरायला लागले तेव्हा घड्याळं सुटली, मग पायांनीही दगा दिला. तरी तो रोज दुकानात येतो. काउंटरमागे बसतो, गिऱ्हाइकाचं घड्याळ कानाला लावतो आणि काय बिघडलंय ते सांगतो. घरापासून दुकानापर्यंतचा रस्ता तो त्याच्या विजेच्या खुर्चीतून एकटा पार करतो. उजव्या हाताशी एक दांडी असते, ती ढकलू तिकडे खुर्ची जाते. या रस्त्यात त्याच्यासोबत कुणी चाललेलं त्याला खपत नाही. एकदा पाठीमागून मी खुर्चीला नुसता हात लावला, तर म्हणाला, “मी काय भाजीची गाडी आहे?”

खुर्ची ज्या कंपनीची, त्याच कंपनीत त्याची मुलगी कामाला. लहानपणी सारखं काहीतरी उचकटत बसायची, म्हणून तिचं नाव खुटखुट पडलं. वहिनी गेल्यावर ती माझ्या बाकाखालीच वाढली म्हणा ना. पुढे मोठमोठी शिक्षणं घेतली, पण आमच्या लेखी ती खुटखुटच राहिली. कंपनीत ती नेमकं काय करते, ते मला कधी कळलं नव्हतं. दादाला विचारलं तर म्हणायचा, “काहीतरी बारीक. आपल्यापेक्षा बारीक.”

दादाची थरथर वाढली, तशी खुर्ची बिथरायला लागली. हात हलला की दांडी हलायची, दांडी हलली की खुर्ची झोकांड्या खायची. एक दिवस ती त्याला थेट फुलवाल्याच्या बादल्यांत घेऊन गेली. दांडी जरा जड करायची, हाताचं थरथरणं तिने मनावर घ्यायचं नाही, एवढंच काम होतं. कंपनीला कळवलं. कंपनीच्या माणसाने फोनवर सांगितलं की तशी सोय यंत्रात आहे, पण ती कंपनीच्या किल्लीशिवाय उघडत नाही आणि त्यांच्याकडे सध्या पुष्कळ खोळंबा आहे.

किल्लीशिवाय उघडत नाही, हे वाक्य माझ्यासमोर बोलायचं नसतं.

मी खुर्ची दुकानाच्या दारातच उभी केली. दांडीखाली एक काळा डबा, त्याच्या झाकणाला तीन कोनांच्या डोक्याचे स्क्रू. बाजारात मिळणारा कुठलाच स्क्रूड्रायव्हर लागू नये, म्हणून केलेला शहाणपणा. मी एक जुनी सळई कानशीने घासली, तिला तीन कोन आणले आणि झाकण उतरवलं. दादा खुर्चीत बसूनच पाहत होता. मी म्हटलं, “बघ, झालं.”

तेवढ्यात खुर्चीने एक लांब शिट्टी दिली आणि चाकं गच्च धरली. हाताशी असलेल्या छोट्या स्क्रीनवर अक्षरं उमटली: ‘यंत्राचा विश्वास उडाला आहे. कृपया कंपनीशी संपर्क साधा.’

“कुणावरचा?” मी विचारलं.

“तुझ्यावरचा, दुसरं कोण आहे इथे?” दादा म्हणाला. आणि दाराच्या मधोमध अडकलेला तो माणूस डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला.

मी झाकण बसवलं, परत काढलं, आतल्या तारा पाहिल्या. कुठे खटका नाही, कुठे लिव्हर नाही. नखाएवढी एक काळी चौकोनी चिप होती, तिच्यात आकडा घालायला फटसुद्धा नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा मला कुलूप दिसत होतं आणि भोक दिसत नव्हतं. गिऱ्हाइकं दादाच्या बाजूने अंग चोरून आत येत होती आणि दादा प्रत्येकाला पाटी दाखवून म्हणत होता, “वाचा, वाचा. आज खोटी ठरली आहे.”

खुटखुट कामावरून थेट दुकानात आली. तिने स्क्रीन वाचली, घासलेली सळई हातात घेतली, तिचे तीन कोन बोटाने चाचपले.

“आत्या, झाकण तू उघडलंस?”

“मग काय घड्याळांनी उघडलं?”

“आणि चिप?”

मी झाकण उचलून पुसायला घेतलं. पोरीने ओठ दाबून धरले, पण हसू लपलं नाही. दादाने ते आधी ओळखलं.

“हे तुझं काम आहे,” तो म्हणाला.

“हो, बाबा. आतलं कुलूप माझं आहे.”

काय सांगू, मला राग यायला हवा होता. माझा भाऊ दारात अडकलाय, माझी पाटी खोटी ठरली आहे आणि ते कुलूप माझ्या बाकाखाली वाढलेल्या पोरीचं निघालं. पण माझी छाती अशी भरून आली की मी पटकन कानस शोधायच्या निमित्ताने खाली वाकले. दादाने मात्र लाजलज्जा गुंडाळून ठेवली. पुढच्या गिऱ्हाइकाला तो म्हणाला, “माझ्या मुलीने बनवलेलं कुलूप. माझ्या बहिणीला उघडलं नाही.” जणू खुर्चीत दुसराच कुणी अडकला होता.

चाकं मोकळी करायचा एक आडवा खटका खाली होता, तो खुटखुटने सोडला आणि खुर्ची आत ओढून घेतली. मग चहा पिता पिता तिने मला समजावलं. खुर्ची सुरू झाली, की ही चिप सगळ्यात आधी जागी होते. खुर्ची चालवणारा जो प्रोग्राम असतो त्यावर कंपनीची मोहोर आहे का, ते ती पाहते. मोहोर खरी असेल तरच चाकांना वीज देते. कुणी झाकण काढलं तर ती कुणाचंच ऐकत नाही. आधीच्या खुर्च्यांना असं काही नव्हतं. एका घरात कुणा हौशी भाच्याने मामाच्या खुर्चीची वेगाची मर्यादा काढून टाकली आणि खुर्ची मामाला घेऊन जिन्यावरून खाली गेली.

“म्हणजे कुलूप हवंच,” मी म्हटलं.

“हवंच.”

“किल्ली कुणाकडे?”

“कंपनीकडे.”

“आणि दादाकडे?”

तिने कप खाली ठेवला.

“खुर्ची त्याची आहे ना? मग तू बाहेर उभी राहिलीस का, खुटखुट? की कुलूप बसवलंस आणि आतच बसलीस?”

तिचा चेहरा लाल झाला. दादा म्हणाला, “पोरीला चहा तरी पिऊ दे.” पण तिने उत्तर दिलं. चिपमध्ये दुसऱ्या किल्लीची जागा तिने पहिल्यापासून ठेवली होती. मालकाच्या किल्लीची. त्या जागेत एकदाच लिहिता येतं, मग जन्मात पुसता येत नाही. आता तिच्या साहेबांकडून हुकूम आला होता की ती जागा कोरीच बुजवून टाकायची, सगळ्या खुर्च्यांमध्ये. दादाची खुर्ची या हुकुमाआधीच्या खेपेतली, तिची जागा अजून उघडी होती. पण उडालेला विश्वास परत आणायला खुर्ची कंपनीत न्यावी लागणार आणि तिथे गेलेली प्रत्येक खुर्ची जागा बुजवूनच बाहेर पडत होती.

“बुजवली तर?” दादाने विचारलं.

“तर दांडी किती जड असावी, हे कायम कंपनी ठरवणार. हात बदलला की दर वेळी फोन करायचा आणि वाट बघायची.”

दादाचा हात दर ऋतूत बदलतो. त्याने आपली थरथरती बोटं दुसऱ्या हाताखाली दाबून धरली. त्याला दुकानापर्यंत एकट्याने येता येणार की नाही, एवढाच प्रश्न होता आणि तो आम्हा तिघांनाही कळला होता.

“खुर्ची माझी आहे,” तो म्हणाला. “ती जाणार तिथे मी जाणार.”

आम्ही गेलो. खुर्चीची चाकं मोकळी, पण जीव नाही, म्हणून मी ढकलत होते. तो सगळा वेळ ताठ बसून समोर पाहत होता. भाजीच्या गाडीचं नाव मीही काढलं नाही.

खुटखुटची कामाची खोली पाहून मला माझंच दुकान आठवलं. लांब बाकं, बाकांवर दिवे, भिंगं, चिमटे, वितळलेल्या कथलाचा वास. हत्यारं आपापल्या आकड्यांना टांगलेली. पोरीने बाकाखाली बसून जे पाहिलं होतं ते इथे आणून मांडलं होतं. फक्त इथे सगळ्यांच्या मनगटाला एक तार बांधलेली, अंगातली वीज चिपला लागू नये म्हणून. मलाही एक बांधली.

तिच्या साहेबांना तिथे सगळे सबुरीसाहेब म्हणतात, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य ‘जरा सबुरीने घ्या’ असं सुरू होतं. मी भांडायच्या तयारीने गेले होते, पण माणूस भांडण्यासारखा निघाला नाही. जिन्यावरून पडलेल्या त्या मामाला भेटायला ते स्वतः दवाखान्यात गेले होते.

“जरा सबुरीने घ्या,” ते खुटखुटला म्हणाले. “मालकाला किल्ली दिली, की तो ती भाच्याला देणार. भाचा वेग वाढवणार. मग मी परत कुणाच्या तरी खाटेजवळ उभा.”

“सर, वेगाला मालकाची किल्ली लागतच नाही,” खुटखुट म्हणाली. “वेग, ब्रेक, उतारावरची पकड, यावर आपली मोहोर आणि ती तशीच राहणार. बाबांनाही ती मोडता येणार नाही. मालकाच्या किल्लीने दांडी आपल्या हाताजोगी करता येईल. आणि त्यांच्या खुर्चीत कुणी, कधी डोकवायचं, ते ठरवता येईल. आपणसुद्धा.”

“आपणसुद्धा?”

“आपणच आधी. घराची भिंत पाडायची तर दहा जणांची परवानगी लागावी. पण खिडकी किती उघडायची, हेही शेजारच्याने ठरवायचं?”

“आणि उद्या ब्रेकमध्ये दोष सापडला, आपल्याला सुधारणा पाठवायची आहे आणि हे नको म्हणाले तर?”

“तर खुर्ची हळू चालेल, रोज आठवण करून देईल. पण रस्त्याच्या मधोमध बंद पडणार नाही. विचारून आत जायचं, सर.”

मी गप्प होते. मी गप्प आहे याचं दादाला इतकं नवल वाटलं की त्याने दोनदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पण बोलायचं काय? माझ्या मनात जे होतं ते सगळं ती बोलत होती, माझ्यापेक्षा कमी शब्दांत आणि न ओरडता.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “किल्ली हरवली तर?” त्यांनी दादालाच विचारलं. “माणसं किल्ल्या हरवतात, काका.”

“हरवतात म्हणून तर आमचं घर चालतं,” दादा म्हणाला.

“दोन किल्ल्या करायच्या,” खुटखुट म्हणाली. “एक मालकाकडे, दुसरी तो सांगेल त्या माणसाकडे. आपल्याकडे नाही.”

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं. त्याचं थरथरतं बोट माझ्याकडे वळलं. बोट कितीही हलत असलं तरी कुणाकडे दाखवतंय, यात शंका नव्हती.

“छे,” मी म्हटलं. “आमच्या धंद्यात दुसऱ्याची किल्ली ठेवत नाहीत. आजोबांनी ठेवली नाही, मी ठेवली नाही. मी ठेवणार नाही.”

“मी दुसरा आहे का?” दादाने विचारलं.

इतक्या लोकांसमोर मला रडू फुटलं असतं तर मी त्याला कधी माफ केलं नसतं. मी नुसता हात पुढे केला. मनगटाला बांधलेली तार मध्ये आली, ती खुटखुटने सोडवली.

साहेबांनी वाकून तो काळा डबा पाहिला. मग म्हणाले, “या एका खुर्चीपुरतं करा. बघू या.”

किल्ल्या म्हणजे शर्टाच्या बटणाएवढ्या दोन सारख्याच चकत्या. खुटखुटने लॅपटॉप जोडला, खुर्चीचा उडालेला विश्वास परत आणला, काहीतरी लिहिलं आणि चकत्या दादाच्या तळहातावर ठेवल्या. दोन्ही, एकदम, त्याच्या डोळ्यांसमोर. ते मी पाहिलं. दादाने एक चकती खुर्चीच्या हाताला टेकवली. टेकवताना ती टकटक वाजत होती, पण चिपला थरथरीचं काही नव्हतं. स्क्रीनवर आलं: ‘मालकाची किल्ली लिहिली गेली.’ पुन्हा कधीच पुसली न जाणारी. दुसरी चकती त्याने माझ्या हातात दिली आणि माझी मूठ मिटवली.

“झालं?” साहेबांनी विचारलं.

“नाही, सर,” खुटखुट म्हणाली. “आता आपल्याला बाहेर उभं राहायचंय.”

साहेबांना कळेना. तिने लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. “आपली किल्ली लावा. कंपनीची, सगळ्यात मोठी. आत जाऊन दाखवा.”

त्यांनी आपलं कार्ड लावलं. स्क्रीनवर अक्षरं आली: ‘मालकाची परवानगी हवी.’ त्यांनी पुन्हा लावलं. पुन्हा तेच. बाकावरची इतर मंडळी हातातलं काम ठेवून जवळ आली. आपल्याच कारखान्यात, आपल्याच खुर्चीपुढे, आपलंच कार्ड हातात घेऊन साहेब उभे होते.

दादाला घाई नव्हती. त्याने पाठ टेकली, चकती मुठीत धरली आणि अगदी घरमालकाच्या आवाजात विचारलं, “कोण आहे?”

साहेब माझ्याकडे बघायला लागले, मी छताकडे. दाराबाहेरून काय म्हणायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

खुटखुट पुढे आली. इतकी शिकलेली पोर, भिंतीवर तिची दोन प्रशस्तिपत्रं टांगलेली, तिच्या हाताखाली माणसं. ती खुर्चीसमोर सरळ उभी राहिली, खुर्चीच्या हातावर बोटाने टकटक केलं आणि म्हणाली, “कुलूपवाली.”

माझ्या आजोबांनी हा शब्द, ‘कुलूपवाला’ म्हणून, किती दारांबाहेर उच्चारला असेल. मी तो जन्मभर उच्चारला. पण तो इतका मोठा शब्द आहे, हे मला त्या खोलीत कळलं. मी कुणाची पर्वा केली नाही, पदराने सरळ डोळे पुसले.

दादाने चकती टेकवली. दार उघडलं म्हणायचं. मग बापलेकींनी मिळून दांडी लावली. तो म्हणायचा जरा जड, ती जड करायची. तो म्हणायचा आता फार झाली, ती हलकी करायची. शेवटी त्याने दांडी पुढे ढकलली आणि खुर्ची बाकांच्या मधून सुतासारखी सरळ गेली. त्याचा हात थरथरत होता, खुर्ची नाही. ती दारापाशी वळली आणि परत आली. साहेब बाजूला झाले, नाहीतर त्यांच्या बुटांची खैर नव्हती.

“बाकीच्या खुर्च्यांचं?” खुटखुटने विचारलं.

“जरा सबुरीने घ्या,” साहेब म्हणाले. मग दादाकडे पाहून म्हणाले, “तोपर्यंत नव्या खेपेतली जागा बुजवू नका. मला अजून एक-दोन दारांबाहेर उभं राहून बघू दे.”

परत निघताना सवयीने माझे हात खुर्चीच्या मागे गेले. दादा मागे न बघताच म्हणाला, “हात काढ.” मी काढले. तो पुढे, मी मागे, अशी वरात रस्त्याने निघाली. फुलवाल्याने त्याला येताना पाहिलं आणि घाईघाईने बादल्या उचलायला लागला. दादा त्या बादल्यांच्या कडेने इतका नेटका गेला की पाणीही हललं नाही. मग मुद्दाम परत वळला आणि पुन्हा एकदा गेला.

माझ्याकडची चकती गल्ल्यामागे, आजोबांच्या आकड्याशेजारी टांगली आहे. आमच्या दुकानात मागे राहिलेली ती एकुलती एक किल्ली. मी तिला हात लावत नाही. गिऱ्हाईक विचारतं, हे काय, तर दादा काउंटरमागून सगळी कथा सांगतो आणि दर वेळी माझी फजिती थोडी वाढवतो.

पाटीचा रंग यंदा लवकर उडाला, की मीच लवकर भरायला घेतला, देव जाणे. ती जुनी ओळ होती तशी रंगवली: ‘उघडत नाही असं कुलूप नाही.’ दादा खुर्ची घेऊन फुटपाथवर आला आणि खाली थांबून बघत बसला. मी शिडीवरून उतरत नाही हे पाहून म्हणाला, “अजून काय राहिलंय?”

मी ब्रश पुन्हा रंगात बुडवला आणि त्या ओळीखाली, जरा मोठ्याच अक्षरांत, लिहिलं: ‘एक सोडून. ते आमच्याच घरचं.’